तीन पाव वांगी

मुलुंड पश्चिमेला स्टेशनाबाहेर भाजी घेत होतो. सोबत पुतण्या, इयत्ता तिसरी, इंग्रजी माध्यम. मी म्हटलं, "पाऊण किलो वांगी द्या." भाजीवाल्याने खात्री करून घेतली, "तीन पाव ना?" पुतण्या चमकला. "काका, वांग्यांबरोबर पाव कशाला?"

मुंबईच्या पोराला पाव म्हणजे वड्याखालचा. 'थ्री फोर्थ' त्याला चोख येतं, वर्गात पिझ्झाचं चित्र कापून शिकवलंय. पाऊण मात्र घरात कुणी उच्चारतच नाही, तो त्याने आणायचा कुठून? त्याच्या पणजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकली होती. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा! तागडी खाली येण्याआधी हिशेब तोंडात तयार. आता काट्यावर ०.७५० उमटतं आणि आम्ही ते भक्तिभावाने वाचतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा काय गहजब झाला! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या, की ६३ लिहिताना आधी सहा येतो, बोलताना मात्र आधी तीन. त्यात जोडाक्षर, म्हणून पोरं अडखळतात. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधीच बोलतात. शिवाय जुनी नावंही पुस्तकात होतीच. पण पुस्तक उघडतो कोण? विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरसुद्धा कोटी झाली.

मराठी बुडाली म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांत मोठ्याने गळा काढणाऱ्यांत मी होतो. आमची पोरं तेव्हाही 'सिक्स्टी थ्री'च म्हणत होती. म्हणजे साठ तीनच की! फक्त आम्ही त्याची फी भरत होतो. (मोबाइल नंबर मराठीत सांगणारा माणूस तुम्हाला शेवटचा कधी भेटला होता?)

येताना वाण्याकडे थांबलो. कच्छी माणूस, पण मराठी आमच्याहून खणखणीत. पोहे, गूळ, काडेपेटी पिशवीत टाकत म्हणाला, "एकोणऐंशी झाले, साहेब."

"काका, म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?"

"थांब जरा," म्हटलं आणि मान लांब करून त्याच्या कॅल्क्युलेटरवरचा आकडा पाहिला.