दिवसाआड पाणी, दररोज बातम्या

पिंपरी-चिंचवडचा रोजचा पॉडकास्टवाला गर्दीतही ओळखू येतो. चारचौघं ‘पुण्याला राहतो’ म्हणून मोकळे होतात, तिथे हा एकटाच ‘पुण्याला नाही, चिंचवडला’ अशी उपसूचना मांडतो. आणि कुणी ‘म्हणजे पुणंच ना?’ म्हणालं, की १९८२ साली महानगरपालिका झाल्यापासूनचा इतिहास न मागता ऐकवतो. त्याचा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाट. दारावर रजई टांगली की आवाज घुमत नाही, हे तो यूट्यूबवर शिकला. पण शेजारचा कुकर रजईला जुमानत नाही, त्यामुळे स्थायी समितीच्या बातमीला तीन शिट्ट्या होतातच. पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बस निघायच्या आत भाग पडला पाहिजे, या जिद्दीपायी त्यानं घरच्यांची झोप शहराला अर्पण केली आहे. सुरुवातीला ‘नमस्कार मंडळी’, शेवटी ‘सबस्क्राइब करायला विसरू नका’ आणि मधल्या दहा मिनिटांत आज कुठल्या भागाला पाणी, चाकणच्या तळेगाव चौकात किती कोंडी, गुरुवारी वीज कुठे बंद, इंद्रायणीवर फेस आहे की नाही. काल हेच होतं, उद्याही बहुधा हेच असेल.

लोक त्याला हसतात ते याच पुनरावृत्तीमुळे, आणि खरं तर त्यालाही तिची लाज वाटते. म्हणूनच रविवारी तो विशेष भाग काढतो, ‘अमेरिकेचं आयातशुल्क आणि आपण’, आणि आवाज दोन पट्ट्या खाली नेतो. तो भाग त्याची आई आणि मेहुणा ऐकतात, मेहुणा अर्ध्यापर्यंत. माझं म्हणणं असं, की या माणसाचं मोल त्याच्या रविवारात नाही, सोमवार ते शनिवारच्या क्षुल्लकपणात आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज, आणि त्यांच्यामागून लातूर, जळगाव, बुलढाण्याची माणसं. २०११च्या जनगणनेत शहर सतरा लाखांवर गेलं. जुन्या गावात नळ कधी येतो ते कट्ट्यावर कळतं. इथे एकाची पहिली पाळी, शेजाऱ्याची तिसरी. दोघांची गाठ जिन्यात पडते तेव्हा एक झोपेतून उठलेला असतो आणि दुसरा झोपायला निघालेला. आकाशवाणी पुण्याच्या सात-पाचच्या बातम्यांनी राज्याला वेळ लावून दिली, पण त्या थेरगावच्या नळापर्यंत कशा उतरणार? ज्या शहराला कट्टा नाही, त्याचा कट्टा हा कपाटातला माणूस चालवतो.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: हे सगळं मोबाइलवर कळतंच की! कळतं, पण कसं? नकाशावर तळेगाव चौक लाल दिसतो. तो बाराही महिने लाल असतो. आज कंटेनर बंद पडलाय की नेहमीचीच रड आहे, हे रंगावरून समजत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सगळंच समजतं: पाइपलाइन फुटली, फुटली नाही, आणि शुभ सकाळ. पॉडकास्टवाल्याची बातमी चुकली, तर दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात त्याला दुरुस्ती करावी लागते. ग्रुपवरच्या अफवेला ‘हा संदेश हटवला आहे’ एवढीच शिक्षा. शिवाय इथला खड्डा एक आणि मालक चार: महापालिका, एमआयडीसी, पीएमआरडीए आणि महामार्गवाले. चौघांना फोन करून चौघांचं ‘आमच्या हद्दीत येत नाही’ ऐकणं हे काम नकाशा करत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. दार ठोठवायला वॉर्डात कुणी उरलं नाही, तेव्हा तर त्याला ऐकणाऱ्यांपेक्षा तक्रारी सांगणारेच जास्त मिळाले असतील.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. मोशीतल्या गृहप्रकल्पाची जाहिरात घेतली, की टँकरच्या रांगेचा उल्लेख ‘काही ठिकाणी पाण्याची किंचित गैरसोय’ असा मवाळ होतो. कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचल्या, की भाऊंच्याच फलकांनी झाकलेला सिग्नल दिसेनासा होतो. पण हा दोष काही कपाटात जन्मलेला नाही. पहिलं पान बिल्डरला विकणाऱ्या वर्तमानपत्रांचीही तीच गत आहे. फरक इतकाच, की याचा दर कमी आहे.

खरा दोष वेगळाच, तो विसराळूपणाचा. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागलं. दर पावसाळ्यात पॉडकास्टवाला उत्साहानं ‘पवना धरण शंभर टक्के भरलं’ असं सांगतो, आणि दुसऱ्याच वाक्यात ‘आज या भागात पाणी नाही’ असंही सांगतो. दोन वाक्यांच्या मध्ये काय आहे, ते मात्र सांगत नाही. धरणातलं पाणी नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात. उचलायची आणि शुद्ध करायची ताकद धरण भरल्यानं वाढत नाही. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायची योजना होती. तिला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले आणि योजना अडली. नळाची वेळ सांगणाऱ्यानं नळामागची ही गोष्टही सांगायला हवी. रोजचं सांगताना एवढा वेळ कुठून आणायचा, असं तो म्हणेल. तो रविवारी आहेच.

म्हणून त्याला एवढंच सुचवावंसं वाटतं: अमेरिकेकडे तिच्या आयातशुल्काची काळजी घ्यायला माणसं आहेत, रावेतच्या बंधाऱ्याकडे नाहीत. आणि ऐकणाऱ्यांनीही हसू आवरून महिन्याचे चार पैसे त्याच्या हातावर ठेवावेत. नाहीतर ते बिल्डर ठेवेल, आणि मग नळ कोरडा असला तरी बातमीत पाणी येतच राहील.