३८४ जणांची सहमती

उत्तरदात्याने स्वतः वाचून भरावयाच्या प्रश्नसंचास प्रश्नावली म्हणतात आणि तोच संच संशोधकाने समोर बसून, विचारून भरून घेतला तर त्यास अनुसूची म्हणतात, हा भेद संशोधन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. तथापि प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली असता संशोधक एकटाच रात्री बसून दोन-तीन रंगांच्या पेनांनी जो संच भरतो, त्यास अद्याप शास्त्रीय नाव मिळालेले नाही.

सर्वेक्षणाचे नियोजन उद्दिष्टांपासून सुरू होते असे शास्त्र सांगत असले, तरी व्यवहारात ते निष्कर्षापासून सुरू होते, कारण निष्कर्ष मार्गदर्शकांना शीर्षक मंजूर करतानाच ठाऊक असतो. मग त्यास पोषक विधाने रचली जातात. ‘डिजिटल साधनांमुळे अध्यापन रंजक व परिणामकारक होते’ यासारखे विधान दुहेरी, म्हणजे एका वाक्यात दोन गोष्टी विचारणारे असते आणि ज्याला ते रंजक वाटले पण परिणामकारक वाटले नाही, त्या बिचाऱ्यासाठी रकाना नसतो. तो ‘तटस्थ’ या धर्मशाळेत मुक्काम करतो.

‘पूर्ण सहमत’पासून ‘तटस्थ’मार्गे ‘पूर्ण असहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची ही श्रेणी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. तिच्यात काही विधाने अनुकूल आणि काही प्रतिकूल असावीत, म्हणजे न वाचता खुणा करणारा उघडा पडतो, अशी अपेक्षा असते. परंतु प्रतिकूल विधानांचे गुण उलटे मोजावे लागत असल्याने, आणि तसे मोजण्याचा सर्वांनाच कंटाळा असल्याने, सर्व विधाने अनुकूलच ठेवण्याची प्रथा पडली आहे. परिणामी तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्नावली हाती पडलेला विद्यार्थी एकाच रकान्यातून वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढतो. पुढची गंमत संख्याशास्त्राची आहे. प्रश्नावलीतील विधाने परस्परांशी कितपत जुळतात हे सांगणारा क्रॉनबाखचा अल्फा हा गुणक १९५१ पासून प्रचलित आहे; कोणी ‘सहमत’वर, कोणी ‘पूर्ण सहमत’वर, पण प्रत्येकाने आपापल्या रकान्यात अशी न वाचता रेघ ओढली, तर हा गुणक थेट १ वर पोहोचतो आणि प्रबंधात ‘साधन अत्यंत विश्वसनीय आढळले’ असे वाक्य ठळक अक्षरांत छापले जाते.

यानंतर येते ३८४ ही पवित्र संख्या. ९५ टक्के विश्वास पातळीसाठी १.९६ चा वर्ग घ्यावा, त्यास ०.२५ ने गुणावे, पाच टक्के त्रुटीसाठी ०.०५ च्या वर्गाने भागावे, म्हणजे ३८४.१६ मिळतात; उरलेल्या ०.१६ माणसाचे काय करावे याविषयी मार्गदर्शक मौन पाळतात. क्रेसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातही दहा लाख लोकसंख्येस ३८४ हाच नमुना दिलेला आहे. या हिशेबाची एकच अट आहे, ती म्हणजे निवड यादृच्छिक असावी, म्हणजेच लोकसंख्येतील प्रत्येकास निवडले जाण्याची समान संधी असावी. तक्ता उतरवून घेताना नेमकी तेवढी ओळ राहून जाते आणि गुगल फॉर्मची लिंक मेव्हण्यापासून माजी विद्यार्थ्यांपर्यंतच्या व्हॉट्सॲप समूहांवर ‘कृपया भरा व पुढे पाठवा’ अशा विनवणीसह सुटते.

नमुना मोठा असला की दोष झाकला जातो, हा समज अमेरिकेत १९३६ मध्येच मोडला होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, त्यांतील २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते बहुतांशी दूरध्वनी सूची आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात टेलिफोन वा मोटार बाळगणारा मतदार सर्वसामान्य नव्हता. शिवाय, पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांचा कौल एकसारखा नव्हता. साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडले. आपल्याकडील प्रबंधांना ही भीती नाही, कारण त्यांच्या निष्कर्षांची पडताळणी करणारी निवडणूक कधीच होत नाही.

शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनासाठी शिफारशी’ असतात आणि त्यांत हाच अभ्यास अन्य तालुक्यात व्हावा असे सुचवलेले असते. शेजारच्या तालुक्यातील संशोधक ही शिफारस तत्परतेने मान्य करून प्रश्नावलीची फाइल मागवून घेतो, तालुक्याचे नाव बदलतो आणि सातव्या विधानात ते बदलायचे विसरतो; त्या विधानाशीही ३८४ जण सहमत असतात.