वहिनींची आरडी आणि फारियाचे हात

"ऐकलंत का ताई, मागच्या गल्लीतल्या आजींना हिप्नोटाइज करून लुटलं!"

वहिनींनी भिंतीवरून शेवग्याच्या शेंगा दिल्या त्या या बातमीसकट. भाजी आणि बातमी बरोबरच द्यायची त्यांची पद्धत आहे.

"म्हणजे नक्की काय केलं?"

"दोघं मोटारसायकलवर आले. आम्ही पोलीस आहोत म्हणाले, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा. आजींनी आपल्या हातांनी पाटल्या काढून दिल्या. घरी येऊन गाठ सोडली तर आत खडे! शुद्धीतलं माणूस असं करेल का? भुरळच घातली मेल्यांनी."

"वहिनी, भर रस्त्यात दोन मिनिटांत कोणी कोणाला संमोहित करत नाही. पोलीस म्हटल्यावर आजी दबल्या आणि गाठ मारताना त्यांनी हातचलाखी केली. पण घरी जाऊन सुनेला 'मी फसले' म्हणण्यापेक्षा 'माझ्यावर काहीतरी केलं' म्हणणं सोपं जातं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं."

वहिनी गप्प झाल्या. हे लक्षण बरं नसतं. मग शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "मला डॉक्टरांनी हिप्नोथेरपी सुचवलीय. पोटासाठी."

ही खरी बातमी. वहिनींचं पोट हा आमच्या गल्लीचा सार्वजनिक विषय आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण लग्नाला निघायचं म्हटलं की मुरडा. याला आयबीएस म्हणतात. त्यावर संमोहनाचा गुण येतो हे मँचेस्टरच्या डॉ. व्होरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी काही जगावेगळं सांगितलं नव्हतं.

"मग अडलंय कुठं?"

"अहो, त्या तंद्रीत तोंडातून नको ते निघालं तर?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पोस्टात माझी आरडी आहे. ह्यांना माहीत नाही."

(ती आरडी भाऊजी सोडून अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण ते असो.)

"आणि तुमच्या गोव्याला तो पुतळा पाहिलाय ना मी! बाई मागे कोसळतेय आणि हा तिच्यावर हात पसरून उभा. तेव्हापासून धडकी भरलीय."

माझं माहेर बार्देशातलं, त्यामुळे हे मला झोंबलं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा तो पुतळा आबे फारियाचा. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवला, 1945 साली. शिल्प म्हणून पाहत राहावं असं आहे, पण बिचाऱ्या फारियावर त्यानं अन्यायच केलाय, असं माझं मत.

फारिया 1756 साली कांदोळीत जन्मला, पुढे पाद्री झाला. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा बापानं हळूच कोंकणीत सांगितलं, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. आमच्याकडे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरीखोटी देव जाणे.

पॅरिसमध्ये 1813 पासून त्यानं संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. मेस्मर नावाच्या डॉक्टरचे चेले तेव्हा सांगत होते की आमच्या हातांतून एक अदृश्य प्रवाह निघतो आणि तो रोग्याला झोपवतो. फारिया म्हणाला, कसला प्रवाह नि कसलं काय, माझ्या अंगात कसलीच शक्ती नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेनं. तो माणसाला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि 'झोपा' म्हणायचा. हेच त्यानं पुस्तकात मांडलं आणि 1819 साली वारला. हातांत काही नसतं म्हणून जन्मभर ओरडला, आणि पुतळ्यात उरले ते नेमके हातच!

"मग गणपतीत स्टेजवर माणसं कुत्र्यासारखी भुंकतात, ती?"

"आधी तो संमोहनवाला सगळ्यांना हाताची बोटं गुंतवायला लावतो, आठवतंय? ज्यांची चटकन सुटत नाहीत तेवढेच वर बोलावतो. तिथंच निवड झाली. वर जातात तेही मजा करायलाच. माझी काळजी वेगळीय. समोर शंभर मोबाइल उभे असतात. भुंकणं दहा मिनिटांत संपतं, व्हिडिओ मात्र सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर फिरतो. त्या बाबतीत भुंकणाऱ्याच्या मर्जीचं कोण विचारतं?"

मग मी त्यांना ब्लांश विटमानची गोष्ट सांगितली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातली डॉक्टर शार्कोची गाजलेली रुग्ण. मोठमोठ्या पाहुण्यांपुढे तिला संमोहित करून खून करायला लावले. खोटा सुरा, खोटं विष. तिनं सगळं बिनबोभाट केलं. पाहुणे पांगल्यावर मागे राहिलेल्या टवाळ विद्यार्थ्यांनी तिला सांगितलं, तू एकटी आहेस, कपडे काढ आणि आंघोळ कर. तिथं मात्र बाईनं ऐकलं नाही, तिला झटकाच आला. सुरा खोटा हे तिला आतून कळत होतं, आणि पोरं खरी हेही.

"शाब्बास!" वहिनी म्हणाल्या. परक्या बाईचा एवढा अभिमान त्यांना क्वचितच वाटतो.

पण माझा स्वभाव अर्धीच गोष्ट सांगून थांबायचा नाही. संशोधक मार्टिन ऑर्न आणि त्याच्या सहकाऱ्यानं 1965 साली संमोहित लोकांना विषारी साप उचलायला, ॲसिडमध्ये हात घालायला सांगितलं. बरेच जण तयार झाले. मात्र संमोहनाचं नुसतं सोंग करणारेही तयार झाले! विद्यापीठातला माणूस सांगतोय म्हणजे काही होणार नाही, एवढाच हिशेब. आणि तसंच होतं, काळजी आधीच घेतलेली होती. धोका तंद्रीत नसतो वहिनी, कोणावर भरवसा टाकला त्यात असतो. आजींच्या पाटल्याही तशाच गेल्या.

"तरी पण, नार्कोमध्ये सगळं ओकतात की टीव्हीवर."

"नार्को म्हणजे इंजेक्शन. हे वेगळं. आणि माणसाच्या संमतीशिवाय नार्कोही करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 साली सांगितलंय. संमोहनात तुम्ही ऐकता, उत्तर टाळू शकता, चक्क खोटंही बोलू शकता. मालिकेत रंगलेल्या असता तेव्हा भाऊजींची हाक ऐकू येतेच ना? ओ द्यायची की नाही ते तुम्ही ठरवता. तसंच."

वहिनी हसल्या. आरडी वाचली.

"एकच जपा. 'लहानपणी काही वाईट घडलं होतं का, आठवा' असं कोणी खोदायला लागला तर थांबवा. तंद्रीत मन रिकाम्या जागा स्वतःच भरतं आणि मग ते खरंच घडलं असं शपथेवर वाटतं. त्यातून घरं मोडलीत. तुमचं दुखणं पोटाचं आहे, त्यानं पोटाचंच बोलावं."

आणि बोर्ड बघून जाऊ नका, हेही सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय. दोन दिवसांचं शिबिर करून भिंतीवर सर्टिफिकेट लावणाऱ्याला कोण विचारणार? हल्ली काही जण सेशन फोनवर रेकॉर्ड करतात, घरी ऐकायला. सूचनांची फाइल असेल तर उत्तमच. पण तुमचा आवाज त्यात असेल तर ती फाइल कोणाच्या फोनमध्ये राहणार, हे आधी ठरवा.

वहिनींनी गुरुवारची वेळ घेतलीय. भाऊजी सोबत जाणार आहेत, पण बाहेरच्या बाकावर बसणार.

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या: तुमची नोंदणी कुठली, खोलीत आणखी कोण असतं, आणि रेकॉर्डिंग होतं का. उत्तराला टाळाटाळ झाली तर सरळ दुसरा डॉक्टर बघा.