सूर्याच्या खात्यातून

निवृत्तीनंतर माणसाला बागेचं वेड लागतं, भजनी मंडळाचं लागतं. आमचे साडू नाना, त्यांना पडझडीचं लागलं. पडका वाडा, पडकी तटबंदी, पडकं चर्च! उभ्या इमारतीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यातही बाणा असा, की फोटो काढायचा तो फक्त सूर्याच्या उजेडात. फ्लॅशचं नाव काढलं तर खोटी नोट हाती आलेल्या कॅशियरसारखं तोंड करतात. बँकेत होते ना!

अशा नानांबरोबर वसईच्या किल्ल्यात जायचं म्हणजे अंधारात निघणं आलं. दादरला पहाटेची विरार लोकल आरामात मिळते, कारण शहाणी माणसं तेव्हा उलट दिशेने निघालेली असतात. वसई रोडला रिक्षात बसलो तेव्हा नानांचा एक डोळा पूर्वेकडे आणि दुसरा भाड्यावर. "जरा दामटा हो, ऊन वर येतंय."

"काका, किल्ला काय पळून चाललाय?" रिक्षावाला म्हणाला.

किल्ला पळत नाही, उजेड पळतो. सूर्योदयानंतरचा तासभर आणि मावळतीआधीचा तासभर, एवढंच भांडवल. ऊन तिरकं असलं की दगडावरचा टाकीचा घाव न् घाव दिसतो. माथ्यावर आलं की सगळं सपाट, आणि आतून खिडकी टिपायला जावं तर एक तर भिंत काळीठिक्कर पडते, नाहीतर आभाळ जळून पांढरं होतं. शिवाय अशा संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नानांनी परवानगी न लागणारा ट्रायपॉड सोबत घेतला होता. म्हणजे मी.

सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यासमोर माझ्या खांद्यावर लेन्स टेकवून ते म्हणाले, "श्वास रोखा."

आयएसओ वाढवलात तर आपण दोघंही श्वास घेऊ शकू, असं मी सुचवून पाहिलं. "फोटोत दाणे येतात," नाना म्हणाले. माझ्या फुप्फुसांपेक्षा ते दाणे महत्त्वाचे.

१५३४ पासून पोर्तुगीज इथे दोनशे वर्षं बांधत होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली घंटा इथलीच. "घंटा असत्या तर वरून असं ऊन आरपार आलं असतं का?" असं म्हणून नानांनी फोटोचं श्रेय परस्पर अप्पांना देऊन टाकलं. छपरं गेली त्याबद्दलही ते काळाचे आभारच मानतात. इतका समाधानी इतिहासप्रेमी मी पाहिलेला नाही.

त्यांचा खरा जीव फ्रान्सिस्कन चर्चमध्ये. तिथे जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. पावलांनी आणि पावसाने अक्षरं पार गुळगुळीत झालेली. दुपारी बघाल तर नुसती फरशी. पण कोवळं ऊन आडवं सरपटत आलं आणि एका शिळेवर आधी ढालीसारखी मुद्रा, मग तिच्याखाली एकेक पोर्तुगीज अक्षर सावलीची कड घेऊन वर आलं. हे मात्र बघण्यासारखं. ते नेमकं टिपायला नाना शिळेशेजारी पालथे पडले, गाल दगडाला टेकवून.

फिरायला आलेल्या एक आजी थबकल्या. "पडले का हो हे? रिक्षा बोलावू?"

"फोटो काढतायत."

"मेलेल्यांचे?" आजींनी क्रुसाची खूण केली आणि झपाझप पुढे गेल्या. पाठोपाठ एक शेळी आली. तिची सावली बरोब्बर अक्षरांवर. नाना पालथेच "हाड हाड" करत होते. शेळीला तो शब्द आपल्यासाठी नाही हे माहीत असावं.

तेवढ्यात प्री-वेडिंगवाले आले. वसईत पडक्या भिंती जितक्या, तितकी लग्नाळू जोडपी. वसईचाच गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेला, पुढे संत झाला. त्याच्या चर्चपुढेही सकाळी सकाळी कुणीतरी गुलाबी धूर सोडत होतं. आमच्याकडची नवरी लेहेंगा आवरत शिळा ओलांडून आली, नवऱ्यामुलाने गॉगल चढवला आणि एका पोऱ्याने सोनेरी रिफ्लेक्टर उघडला.

"काका, फ्रेममधून बाजूला व्हा."

नाना उठले ते भांडायच्या तयारीने. पण रिफ्लेक्टर हलला आणि त्यावरचं ऊन थेट बाजूच्या कमानीत घुसलं. इतका वेळ जी काळी पोकळी होती तिच्यात चुन्याचे पापुद्रे, भेगा, भेगेतून फुटलेलं पिंपळाचं पान, सगळं झगझगलं. नानांचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.

"नाना, हा उजेड नैसर्गिक आहे का?"

"मूळ ठेव सूर्याचीच ना?" माझा खांदा ओढत ते म्हणाले. "मधल्या माणसाने नुसती वर्ग केलीय. बाळा, जरा डावीकडे धर रे!"

पोऱ्याने धरला. नानांनी एक काढला, दोन काढले, आडवा काढला, उभा काढला. तिकडे नवरीच्या तोंडावर अंधार. शेवटी तिची आई पुढे आली.

"अहो भाऊ, त्याचे तासावर पैसे मोजलेत आम्ही. पॅकेजमधला आहे तो!"