भोंगा बंद करण्याबाबत

मा. सरपंच व समस्त ग्रामस्थ,
मोहित्यांचे वडगाव, ता. कडेगाव, जि. सांगली



आपल्या गावाने २०२२ साली पाडलेल्या एका अनिष्ट प्रथेबद्दल आम्हा शहरवासीयांची तक्रार आहे. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हाती फोन आला तो सुटेना, म्हणून हा उपाय म्हणे. पोरांनी अभ्यास करावा, हे ठीक. पण मोठ्यांनाही फोन खाली ठेवायला लावता?

त्या दीड तासात माणसाने करायचे काय? समोर बायको बोलत असते. आमच्याकडे अशा वेळी अंगठा चालू ठेवून ‘हं’ म्हणतात. याच पद्धतीने सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले, पार पडले, त्या काठी टेकत घरीही आल्या. आम्हाला जराही तोशीस पडली नाही. तुमच्याकडे हे सगळे ऐकायचे, वर मतही द्यायचे! (आमच्या घरी स्वयंपाकाबद्दलही हल्ली तक्रार नसते. भाजी कोणती होती, हे कळले तर ना.)

पूर्वी संगणकावरचे पान संपायचे. पुढचे उघडेपर्यंत माणसाला गॅसवरचे दूध आठवायचे. २००६ साली आझा रास्किन यांनी न संपणारे पान रचून ती गैरसोय दूर केली. पुढे त्यांनाच त्याचा पस्तावा झाला, तो त्यांचा प्रश्न. मोठमोठ्या पगाराची माणसे रात्रंदिवस खपून आम्हाला खिळवून ठेवतात, आणि तुम्ही एका भोंग्यावर त्यांच्या मेहनतीची माती करता!

आमची खरी धास्ती निराळीच आहे. एकट्याने फोन ठेवला, तर शेजारच्याचा बघून तो लगेच पुन्हा हातात येतो. मग ‘मनावर ताबाच राहत नाही हो’ म्हणता येते. अख्खे गाव एकदम ठेवू लागले, तर ही सबबच गेली. उद्या आमच्या सोसायटीत कुणी असला ठराव मांडला तर? तशी भीती कमीच म्हणा. मागच्या सभेला सगळे हजर होते, आणि गच्चीची गळती काढायचे ठरले की नाही, हे एकालाही सांगता येत नाही.

तरी भोंगा त्वरित बंद व्हावा. उत्तर व्हिडिओ करून पाठवा, तोही तीस सेकंदांच्या आत. पुढचे आम्ही पाहत नाही.

आपला,
एक अंगठेबहाद्दर