जळगावच्या साडूंसमोर वांगे करावयाचे झाल्यास

प्रस्तुत मार्गदर्शन मुळशी तालुक्यात राहणाऱ्या, म्हणजे चार महिने ओलं सरपण आणि उरलेले आठ महिने पाहुणे सांभाळणाऱ्या गृहस्थांसाठी आहे. ज्यांचे साडू जळगावचे नाहीत, त्यांनी पान उलटून सरळ जेवायला बसावे.

नियम पहिला. वांगी आपण आणू नयेत. हिवाळ्यात साडूंच्या पिशवीतून कपड्यांच्या आधी बामणोदची वांगी निघतात. हिरवट, तुकतुकीत, आकाराच्या मानाने हलकी. (हलक्या वांग्यात बिया कमी. हे मात्र खरं आहे आणि पौडच्या बाजारातही लागू पडतं.) पाठोपाठ जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची वार्ता येते. ती दर हिवाळ्यात नव्याने ऐकावी. "आमच्या पुणे जिल्ह्यातही मांजरीचं वांगं आहे की," असे बोलू नये. साडू हसत नाहीत, नुसते बायकोकडे बघतात. ते जास्त लागतं.

नियम दुसरा, भाजणे. शास्त्रोक्त इंधन म्हणजे पऱ्हाट्या, नाहीतर तुराट्या. मुळशीत पिकतो भात. कापूस आमच्याकडे फक्त गादीत सापडतो. तेव्हा गॅस. वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने चार टोचे मारावेत, नाहीतर ते फुटतं आणि भिंत पुसावी लागते. फिरवत राहावे. देठाजवळ सगळ्यात उशिरा शिजतं. तिथे सुरी अलगद गेली की उतरवून झाकून ठेवावे, साल आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलू नये, धुराची सगळी चव मोरीत जाते. या काळात साडू शेगडीजवळ उभे राहून उसासे टाकतात. त्यांना कांद्याची पात निवडायला द्यावी.

नियम तिसरा. दही नाही.

टोमॅटोही नाही. एकदा आमच्या घरी दही घातलेलं भरीत पानात पडलं. साडूंनी बोटाने चाखलं आणि म्हणाले, "हे भरीत नाही भो, कोशिंबीर आहे." अहो, पुण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दह्यातलं भरीत खातात, वरून हिंग-मिरचीची फोडणी देतात, कोणाचं काही वाईट झालेलं नाही. पण ऐकतो कोण!

नियम चौथा, ठेचणे. मिक्सरचा उच्चार करू नये. साडूंनी लग्नात आम्हाला लाकडी बडगी दिली आहे, ती माळ्यावरून काढावी. हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात परतून आधी ठेचावा, मग वांगं. शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर तेलावर घालून त्यात हे परतावे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. इथे मला तक्रारीला जागा सापडत नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी भाकऱ्या मोजायच्या नसतात.

नियम पाचवा. शेजारी सांगलीचे असल्यास त्यांना त्याच दिवशी बोलावू नये. ते कृष्णाकाठची वांगी काढणार, देठ राखून उभ्या चिरा, त्यात कूट, तीळ, खोबरं आणि चटणी, रश्शाला गरमच पाणी, हे सगळं हातवारे करून सांगणार. वऱ्हाडचे असल्यास रोडगे आणि वांग्याची भाजी निघते. रात्रीचे दोन वाजतात.

नियम सहावा. घरात चातुर्मास पाळत असल्यास साडूंना चंपाषष्ठीलाच बोलवावे. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, म्हणजे वांगं सुटल्याचा आनंद आणि साडूंचं व्याख्यान एकाच स्वयंपाकात उरकतं. देवासमोर ते जरा कमीही बोलतात.

नियम सातवा, स्वाभिमान. आलटून-पालटून एक जेवण आपल्या पद्धतीचं करावे. घाटाखालून आलेला सुका बोंबील तुकडे करून तव्यावर भाजून गरम पाण्यात धुवावा; कांदा-लसणावर वांग्याच्या फोडी परताव्यात, बोंबील टाकून दोन आमसुलं घालावीत, रस्सा अंगाबरोबर ठेवावा. सोबत इंद्रायणीचा भात. साडू ताटाकडे पाहून "चांगल्या वांग्याची वाट लावली," म्हणतील. वाद घालू नये. पातेलं आपल्याकडे ओढावं.