कडवटपणाचे मामलेदार

सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात 'आज षड्ज काही लागला नाही' असा निकाल मध्यंतरापूर्वीच जाहीर करणारे, आणि पेटी न उघडता केवळ वासावरून आंबा देवगडचा की रत्नागिरीचा हे सांगणारे जे गृहस्थ एके काळी पुण्याच्या आळीआळीत आढळत, त्यांचा वंश खुंटला अशी हळहळ वाटणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी मुंढव्याकडच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीतील कोपऱ्याच्या टेबलाकडे पाहावे. वंश सुखरूप आहे. अधिकारक्षेत्र तेवढे बदलले आहे.

ह्या गृहस्थांना 'बीअर पिणारा इसम' म्हणणे ही अब्रुनुकसानी होय. ते बीअर पीत नाहीत, तिची जबानी घेतात. आयपीएचा, म्हणजे 'इंडिया पेल एल'चा, ग्लास समोर आला की प्रथम मोबाईलचा दिवा त्याच्या पाठीमागे धरून रंगाची पाहणी होते; मग फेसाची जाडी बोटाने मोजली जाते; मग ग्लास तळहाताने झाकून, तो गोल फिरवून, नाकाचा शेंडा फेसाला टेकेल इतके वाकून तीन आखूड आणि एक दीर्घ असे श्वास घेतले जातात. ह्या वेळी डोळे मिटलेले असल्यामुळे नवख्या वेटरने घाबरून मॅनेजरला बोलावल्याचेही मी पाहिले आहे. त्यानंतर वही उघडते.

वहीतला तक्ता अमेरिकेतील बीअर-परीक्षकांच्या बीजेसीपी ह्या संस्थेचा आहे. एकूण गुण 50 : गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, जिभेवरच्या स्पर्शाला 5 आणि एकंदर प्रभावाला 10. (रूपाला केवळ तीन गुण देणारी ही पद्धत वधूपरीक्षेच्या काळी आपल्याकडे आली असती, तर कित्येक संसार निराळे झाले असते.) कडवटपणासाठी आयबीयू नावाचे स्वतंत्र परिमाण आहे. सामान्य लागरचा आकडा पंधराच्या आसपास, तर अमेरिकन पद्धतीच्या आयपीएचा 40 ते 70. आणि ज्या इसमाने ताटातली कारल्याची भाजी आयुष्यभर मुकाट्याने बाजूला सारली, तो इथे 'साठ म्हणजे अगदीच मिळमिळीत' असा शेरा मारतो.

पहिला घोट अद्याप दूर असतो, कारण मध्ये इतिहास येतो. "अरे, असा घटाघटा काय पितोस? ही बीअर आपल्या देशासाठी जन्माला आली," असे सोबतच्या मित्राला दटावून ते लंडनच्या बो भागात बीअर गाळणाऱ्या हॉजसनची कैफियत मांडतात : केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणारा प्रवास, आणि पिंपातला माल नासू नये म्हणून हॉजसनने लढवलेली जादा हॉप्सची युक्ती. वास्तविक, उष्ण प्रदेशात पाठवायच्या बीअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हा सल्ला अठराव्या शतकात बीअर गाळणाऱ्यांना ठाऊक होताच. हॉजसनचा जम बसला तो त्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि कप्तानांना तो 18 महिन्यांची उधारी देत असे म्हणून. पण उधारीच्या बळावर उभ्या राहिलेल्या कीर्तीत काव्य नसते, सबब हा मजकूर दफ्तरातून वगळला जातो.

इथे एक पेच आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुले. ती उकळत्या रसात तासभर शिजली तर कडूपणा उतरतो. सुगंध हवा असेल तर ती अखेरीस, किंवा आंबवण झाल्यावर थंडपणी घालावी लागतात, कारण त्यांतील सुगंधी तेले पाहता पाहता उडून जातात. हे सर्व आमचे मामलेदार अस्खलित समजावून सांगतात, आणि तेवढ्या अवधीत समोरच्या ग्लासातील फेस बसतो, बीअर कोमट होते, तेले उडतात. मग ते सावकाश घोट घेतात, तो तोंडात घोळवतात आणि लिहितात : 'गंध अपुरा. 12 पैकी 6.' आरोपी इतका वेळ ताटकळत कोणामुळे राहिला, ह्याची चौकशी करण्याची तरतूद तक्त्यात नाही.

परवा मद्य गाळणारा तरुण स्वतःच टेबलापाशी आला आणि अदबीने म्हणाला, "सर, कशी वाटली?"

"सिट्रा हॉप्सचा हात जरा सैल सुटलाय. आंब्याचा वास फार पुढे येतो. रत्नागिरी हापूस, देवगड नव्हे."

"पण सर, ह्यात सिट्रा नाहीच. नुसतं कॅस्केड आहे."

मामलेदारांनी पेनाचे टोपण शांतपणे उघडले.

"तेच म्हणतोय मी. सिट्रा घालायला हवं होतं," असे म्हणून त्यांनी आणखी दोन गुण कापले.